अँटिबॉडी आधी, जंतू नंतर

ऑगस्ट-सप्टेंबरात ठाण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहा. नौपाडा असो, कळवा असो की वागळे इस्टेट, एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "ताई, डेंग्यूचं आयजीएम निगेटिव्ह आलंय. म्हणजे डेंग्यू नाही ना?" काउंटरवरची मुलगी विचारते, "ताप कधीपासून आहे?" "कालपासून." "मग काका, डॉक्टरांनाच दाखवा. ते सांगतील काय ते." तिचं म्हणणं बरोबर असतं. पण का, ते समजावायला तिला वेळ नसतो, मागे रांग लागलेली असते.

आयजीएमची टेस्ट डेंग्यूचा विषाणू शोधतच नाही. विषाणूविरुद्ध आपल्या शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडी रक्तात आहेत का, एवढंच ती बघते. आणि काल ताप आला असेल, तर त्या सापडण्याइतक्या तयारच झालेल्या नसतात. त्याला चार-पाच दिवस जातात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत एनएस-वन नावाची टेस्ट करतात, ती विषाणूचंच एक प्रथिन पकडते. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालल्यानं होणाऱ्या लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिसचंही) तसंच. पहिल्या एक-दोन दिवसांतली अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली, तर तिच्यावरून काहीच ठरत नाही.

मग हे चार-पाच दिवस शरीर नेमकं काय करत असतं? बहुतेकांच्या मनातलं उत्तर असं असतं: जंतू आला, शरीरानं त्याला नीट बघितलं, त्याच्या आकाराची अँटिबॉडी बनवली. एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हेच पटलं होतं. प्रत्यक्षात घडतं ते याच्या उलट, आणि मला विचाराल तर कितीतरी जास्त गमतीदार.

आधी अँटिबॉडी म्हणजे काय ते बघू. ते एक प्रथिन आहे. मराठी पुस्तकांत त्याला प्रतिपिंड म्हणतात, डॉक्टर इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात आणि रिपोर्टावर त्याचं नुसतं 'आयजी' उरतं. आकार इंग्रजी वाय अक्षराचा. वरच्या दोन हातांची टोकं अगदी एकसारखी असतात आणि विशिष्ट आकाराच्या रेणूलाच घट्ट धरतात. खालचा देठ धरण्याच्या कामात नसतो, त्याचं काम वेगळं. ही रचना उलगडल्याबद्दल रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं.

अँटिबॉडी जंतूला मारते, असं आपण सरसकट म्हणतो. खरं तर ती धरते, आणि पुढचं बरंचसं काम इतर करतात. विषाणूला आपल्या पेशीत शिरण्यासाठी ज्या प्रथिनाचा उपयोग होतो, त्यालाच अँटिबॉडी चिकटल्या की त्याचा शिरकाव थांबतो. जिवाणूच्या अंगभर चिकटल्या, तर बाहेर राहिलेले देठ भक्षक पेशींना सापडतात आणि त्या जिवाणूला गिळून टाकतात. रक्तातली पूरक प्रथिनं याच देठांवर जमून जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात. धनुर्वात किंवा घटसर्पात जंतूपेक्षा त्याचं विष घातक असतं. तिथे अँटिबॉडी विषालाच धरते आणि निकामी करते. हे सगळ्यात आधी कळलं ते याच दोन रोगांमुळे. १८९० मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवलं, की या विषांना सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही वाचतो. वैद्यकातलं पहिलं नोबेल १९०१ मध्ये बेरिंगना मिळालं. किटासाटोंना मिळालं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

विषाणू एकदा पेशीच्या आत गेला, की मात्र अँटिबॉडीचे हात तिथवर सहसा पोचत नाहीत. तिथे टी पेशींची, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, दुसरी फळी लागते. तो विषय मोठा आहे, इथे नको.

आता त्या उलट्या गोष्टीकडे येऊ. कपडे घ्यायचे दोन मार्ग असतात. शिंप्याकडे जाऊन माप द्यायचं आणि शिवून घ्यायचं, किंवा जांभळी नाक्यावर रेडिमेडच्या दुकानात शिरून असलेल्या ढिगातून अंगाला बसेल ते उचलायचं. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गज रसायनशास्त्रज्ञानं १९४० मध्ये शिंप्याची बाजू घेतली होती: जंतूचा रेणू हेच माप, आणि अँटिबॉडीची साखळी त्याच्याभोवती घडी घालून त्याच्या आकाराची होते. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये रेडिमेडची बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं, की जंतू यायच्या आधीपासूनच शरीरात असंख्य पेशी तयार असतात. प्रत्येकीकडे एकच माप, प्रत्येकीचं वेगळं. जंतू येतो आणि ज्या पेशीचं माप त्याला बसतं ती निवडली जाते. मग तीच पेशी भराभर वाढते. बर्नेट बरोबर निघाले.

या पेशी म्हणजे बी पेशी, पांढऱ्या पेशींतला एक प्रकार. हाडांच्या आतल्या मज्जेत रोज कोट्यवधी नव्या बी पेशी जन्मतात. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या मापाच्या अँटिबॉडीच्या लाखभर प्रती बाहेर तोंड करून उभ्या असतात. यांतल्या बहुतेकींना त्यांच्या मापाचा जंतू कधीच भेटत नाही. काही दिवसांत, काही आठवड्यांत त्या मरून जातात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. उधळपट्टीच आहे ही. पण शरीराला पुढचा जंतू कुठला येणार हे माहीत नसतं, त्यामुळे दुसरा इलाजही नाही.

इथे एक अडचण येते. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सगळी मिळून वीसेक हजार. मग कोट्यवधी मापं येतात कुठून? याचा उलगडा सुसुमू टोनेगावा यांनी १९७६ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल इथल्या प्रयोगशाळेत केला. अँटिबॉडीचं अख्खं जनुक आपल्याला आईवडिलांकडून मिळतच नाही, नुसते तुकडे मिळतात. जड साखळीसाठी व्ही जातीचे कामाचे तुकडे सुमारे ४०, डी जातीचे २३ च्या आसपास आणि जे जातीचे ६. बी पेशी जन्मताना आपला डीएनए खरोखर कापते, प्रत्येक जातीचा एकेक तुकडा उचलते आणि जोडते. एवढ्यातच साडेपाच हजार जोड्या झाल्या. हलक्या साखळीच्याही अशा तीनेकशे होतात. दोन्हींचा गुणाकार ढोबळमानानं सतरा-अठरा लाख. शिवाय जोडताना सांध्यावर काही अक्षरं गळतात, काही वाढीव घुसतात, तीही कुठल्याही नियमाशिवाय. त्यामुळे खरा आकडा या लाखांच्या कितीतरी पट पुढे जातो. टोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं, तेही एकट्याला.

म्हणजे उद्या पृथ्वीवर कधीच नसलेला एखादा विषाणू उपटला, तरी त्याला थोडंफार बसेल असं माप तुमच्या अंगात आज बहुधा आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या बाबतीत आपण हे बघितलं. तो माणसाला नवीन होता, पण त्याला धरू शकणाऱ्या बी पेशी आधीच फिरत होत्या.

चिठ्ठ्या टाकल्यासारखी मापं निघतात म्हटल्यावर काही आपल्याच शरीराला बसणारीही निघणार. मज्जेतच त्यांची चाचणी होते. आपल्याच रेणूंना घट्ट धरणाऱ्या पेशीला तुकडे पुन्हा जुळवायची एक संधी मिळते, तरी सुधारली नाही तर ती संपवली जाते. ही गाळणी शंभर टक्के नसते. तिच्यातून आणि पुढच्याही तपासण्यांतून काही निसटतं, आणि त्यातून ल्युपससारखे आजार होतात.

आता जंतू आणि त्याच्या मापाची पेशी यांची गाठ पडायला हवी. लाखो पेशींतली एखादीच कामाची, ती शरीरभर भटकत बसली तर भेट व्हायचीच नाही. म्हणून भेटीच्या जागा ठरलेल्या आहेत: प्लीहा, टॉन्सिल आणि अंगभर पसरलेल्या पाच-सहाशे लसिका ग्रंथी. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, घसा धरला की जबड्याखाली गाठी हाताला लागतात. आजी त्यावर गरम शेक द्यायची. ती दुखरी सूज म्हणजे त्या ग्रंथीत निवडल्या गेलेल्या पेशींची चाललेली धडाकेबाज वाढ. एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि दर काही तासांनी हे दुप्पट होणं. तापातले ते 'रिकामे' दिवस इथे खर्च होत असतात.

नुसतं माप बसून बहुतेक वेळा काम होत नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो समजायला नवी मुंबईत दिलेल्या टायफॉइडच्या लशीसारखं दुसरं उदाहरण नाही. बी पेशी जंतूचा तुकडा धरते, गिळते, आतमध्ये त्यातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे करते आणि ते आपल्या अंगावर मांडून मदतनीस टी पेशीला दाखवते. त्या टी पेशीलाही तो तुकडा ओळखता आला, तर ती संमती देते. दोन वेगळ्या पेशींनी दोन वेगळ्या पद्धतींनी ओळख पटवली, तरच जोरदार उत्पादन सुरू होतं. टी पेशींना दाखवायला लागतं प्रथिन. आणि टायफॉइडच्या जिवाणूचं बाहेरचं कवच, ज्याला व्ही-आय म्हणतात, ते साखरेच्या साखळ्यांचं असतं. त्यात प्रथिन नाहीच.

टायफॉइडची जुनी लस नुसत्या या कवचाची होती. मोठ्यांमध्ये काही बी पेशी टी पेशींच्या मदतीशिवाय अशा साखरेविरुद्ध अँटिबॉडी बनवतात, पण ती दोन-तीन वर्षांत ओसरते आणि मागे आठवण ठेवत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत तर तेवढंही होत नाही, त्यामुळे त्यांना ती लस देतच नसत. नंतर एक साधी, पण फार हुशार युक्ती निघाली: कवचाची साखर धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला रासायनिक बंधानं जोडून द्यायची. साखर ओळखणारी बी पेशी जोडीला आलेलं प्रथिनही गिळते, त्याचे तुकडे टी पेशीला दाखवते. टी पेशी धनुर्वाताच्या प्रथिनाला ओळखून संमती देते आणि बी पेशी अँटिबॉडी बनवते ती टायफॉइडच्या साखरेविरुद्ध. संमती एकाची बघून, उत्पादन दुसऱ्याचं. हैदराबादच्या भारत बायोटेकनं अशी जोडलस बनवली, आणि ती नऊ महिन्यांच्या बाळालाही चालते.

२०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुंबई महापालिकेनं ही लस नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली. पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना डोस मिळाला. सरकारी आरोग्यसेवेतून ही लस देण्याचा जगातला हा पहिला प्रसंग. पाकिस्ताननं, झिंबाब्वेनं आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती घेतली ती नंतर. नवी मुंबईच्या कौतुकात पामबीच रोड आणि फ्लेमिंगो नेहमी येतात, हे का येत नाही कुणास ठाऊक.

परत ग्रंथीकडे. रेडिमेड कपडा बसला तरी खांद्यात जरा ढिला, लांबीला जरा जास्त असतोच. शरीर तो तसाच वापरत नाही, आल्टर करतं. ग्रंथीच्या आत वाढणाऱ्या बी पेशी आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल करतात, इतर जनुकांत होतात त्याच्या लाखो पटींनी जास्त वेगानं. हे बदलही आंधळे असतात. बहुतेक बिघडतात, थोडे सुधारतात. ज्या पेशी जंतूला जास्त घट्ट धरतात त्यांनाच टी पेशींची मदत पुन्हा मिळते, बाकीच्या मरतात. असं आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणून आजारातून उठल्यावर महिन्याभरानं रक्तात असलेली अँटिबॉडी पहिल्या आठवड्यातलीपेक्षा कितीतरी नेमकी असते. लशीच्या दोन डोसांत अंतर का ठेवतात, यामागचं एक मोठं कारणही हेच. आधीची निवड आणि सुधारणा मार्गी लागल्यावर दुसरा डोस दिला, की सुधारलेल्याच पेशी पुन्हा वाढतात.

याच काळात देठही बदलतो. सुरुवातीला निघते ती आयजीएम, पाच वाय एकत्र बांधलेली, दहा हातांची. एकेक हात जरा ढिला धरतो, पण दहा असल्यामुळे भागून जातं. मग तेच टोक ठेवून पेशी देठ बदलते आणि आयजीजी बनवू लागते. ती लहान, रक्तातून ऊतींत सहज जाणारी, जास्त टिकाऊ. लाळ, अश्रू, आतड्याचं अस्तर आणि आईचा चीक इथे आयजीए असते. आयजीई जंतांसाठी असते असं मानतात, पण शहरात आपली तिची ओळख ॲलर्जीतूनच होते. पाचवी आयजीडी, तिच्याबद्दल इथे न बोललं तरी चालेल.

रिपोर्ट वाचताना ही माहिती उपयोगी पडते. डेंग्यूत फक्त आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा अलीकडची आणि पहिलीच. अलीकडची म्हणजे कालची असं नाही, ती दोन-तीन महिनेही रेंगाळते. तापाच्या पहिल्या काही दिवसांतच आयजीजी भरपूर दिसली, तर या माणसाला आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि डॉक्टर जास्त सावध होतात. टायफॉइडची विडाल टेस्ट १८९६ पासूनची आहे, तीही अँटिबॉडीच मोजते. आपल्या भागात जुन्या लागणीमुळे, कधी जवळच्या दुसऱ्या जिवाणूमुळेही ती थोडीफार पॉझिटिव्ह येतच असते. एकाच विडालवर टायफॉइडचा शिक्का मारून अँटिबायोटिक सुरू करायची सवय मला तरी वाईट वाटते. अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर करणं, म्हणजे रक्तातला जिवाणूच वाढवून बघणं, जास्त भरवशाचं.

आजार संपला की वाढलेल्या पेशींतल्या बहुतेक मरतात. दोन प्रकारच्या उरतात. काही स्मृतिपेशी, त्या शांत फिरत राहतात आणि तोच जंतू परत आला तर दोन-तीन दिवसांत उठतात. दुसऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. त्या हाडांच्या मज्जेत जाऊन बसतात आणि जंतू नसतानाही वर्षानुवर्षं अँटिबॉडी सोडत राहतात, एकेक पेशी सेकंदाला हजारोंच्या संख्येनं. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा पेटर पानुम या तरुण डॉक्टरनं टिपून ठेवलं, की १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना ६५ वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही. मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हता. फ्लूचं तसं नाही, कारण फ्लूचा विषाणूच कपडे बदलत राहतो.

गोवराची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. तो याच स्मृतिपेशींना लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांच्या अँटिबॉडी गोवराच्या आधी आणि नंतर मोजल्या, तर इतर जंतूंविरुद्धच्या ११ ते ७३ टक्के अँटिबॉडी नाहीशा झाल्या होत्या. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला आणि ठाणे जिल्ह्यात भिवंडीला गोवर पसरला, तेव्हा आरोग्य खात्याची जी धावपळ झाली ती नुसत्या पुरळासाठी नव्हती. इम्युनिटी बूस्टर म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांवर पैसे घालणाऱ्यांनी गोवराचे दोन डोस राहिले नाहीत ना, एवढं आधी बघावं.

जवळजवळ बसणारं माप कधी कधी न बसणाऱ्यापेक्षा वाईट ठरतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून दीर्घ संरक्षण मिळतं. दुसऱ्या प्रकाराला मात्र जुन्या अँटिबॉडी धरतात, पण निकामी करण्याइतक्या धरत नाहीत. भक्षक पेशी सवयीप्रमाणे देठ पकडून ते सगळं आत ओढतात, आणि डेंग्यूचा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींत. दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो, त्याचं हे एक मुख्य स्पष्टीकरण. फिलिपाइन्समध्ये आठ लाखांहून जास्त शाळकरी मुलांना दिलेली डेंग्यूची लस २०१७ मध्ये थांबवावी लागली. आधी डेंग्यू न झालेल्या मुलांत ती लसच 'पहिल्या लागणी'सारखी वागत होती.

सगळ्या अँटिबॉडी स्वतःच बनवायला हव्यात असंही नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची आयजीजी वारेतून बाळाकडे जाते आणि पुढचे काही महिने पुरते. गोवर-रुबेलाची लस आपल्याकडे नऊ महिन्यांना देतात ती यामुळे. आधी दिली तर आईच्या अँटिबॉडी लसच धरून बसतात. कुत्रा खोलवर चावला तर रेबीजच्या लशीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती तयार अँटिबॉडीही टोचतात, कारण लशीनं आपल्या स्वतःच्या तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. येऊरच्या पायथ्याशी कुणाला घोणस चावली, तर दिलं जाणारं प्रतिविषही घोड्यांनी बनवलेल्या अँटिबॉडींचंच असतं. उसन्या अँटिबॉडी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत विरून जातात आणि मागे स्मृती ठेवत नाहीत.

बी पेशी नसतील तर काय होईल, हे हल्ली खारघरमध्ये बघायला मिळतं. टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात २०२१ साली देशात पहिल्यांदा कार-टी उपचार झाले, आणि आयआयटी मुंबईच्या साथीनं घडलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. बी पेशींच्या कर्करोगात ही खूण रोगी पेशींवर असते, पण निरोगी बी पेशींवरही असते. त्यामुळे उपचार लागू पडला तर कर्करोगाबरोबर चांगल्या बी पेशीही जातात, कधी महिनोन् महिने. अशा माणसाला नवा जंतू भेटला, तर निवडायला दुकानात मालच नसतो. संसर्ग वारंवार होऊ लागले, तर हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली आयजीजी शिरेतून द्यावी लागते. जुन्या, मज्जेत बसलेल्या बऱ्याच प्लाझ्मा पेशींवर मात्र सीडी-१९ नसतं. त्या या उपचारातून वाचतात, आणि लहानपणच्या गोवराविरुद्धच्या अँटिबॉडी अशा काही रुग्णांच्या रक्तात तशाच सापडत राहतात.